अण्णांची पगारपावती

अण्णांना माझा मोबाइल नंबर शेवटपर्यंत पाठ झाला नाही. शर्टाच्या खिशात चिठ्ठी असायची. पण गिरणीतला तिकीट नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगत. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा नर्स म्हणाली, "आजोबा, नाव सांगा." त्यांनी आधी नंबर सांगितला, मग खातं, "साचेखातं", म्हणजे मागांवर कापड विणायचं खातं, आणि मग नाव. तिने तो नंबर कागदावर लिहूनही घेतला, बहुतेक आधार कार्डाचे आकडे समजून. त्याच आठवड्यात अण्णा गेले.

चार वर्षांनी त्या नंबराचा कागद मला शोधावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडाची सूचना आली. बंद गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी ज्यांनी पूर्वी अर्ज केले होते आणि सोडतीत ज्यांचं नाव निघालं नव्हतं, त्यांनी किंवा त्यांच्या वारसांनी आता कागदपत्रं दाखवून पात्रता ठरवून घ्यायची. असे अर्ज दीड लाखाच्या घरात. त्यात एक आमचा.

तो अर्ज २०११ साली मीच भरला होता, अण्णांच्या मागे लागून लागून. त्यांना त्यात जराही रस नव्हता. "कागद कुठे आहेत तुमचे?" असं विचारलं की म्हणायचे, "गिरणीने माणसं ठेवली नाहीत, ती कागद ठेवते होय!" शेवटी नुसता तिकीट नंबर टाकून अर्ज दिला. २०१२ च्या जूनमध्ये पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची. मी यादी बघत होते आणि अण्णा गॅलरीत बसून नातवाच्या पतंगाला कन्नी बांधत होते. मला वाटलं, माणूस थकलाय, आता आशा लावून घ्यायची नाही त्याला. कारण भलतंच होतं. ते कळायला मला आईच्या पलंगाखालचा बिस्किटांचा डबा उघडावा लागला.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आबा, म्हणजे अण्णांचे वडील, गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. १९५० चा बोनसचा संप त्यांनी पाहिलेला आणि लढलेला. दोन महिने चालला होता तो. अण्णा १९६६ मध्ये मुंबईला गेले, एकोणीस वर्षांचे. लालबागला गावकीची खोली होती. खोली एक आणि माणसं वीस-पंचवीस. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, वर दोरीवर कपडे. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून सगळ्यांना झोपायला जागा मिळायची, एवढंच. आमच्या वाडीतले एक काका आणि अण्णा एकाच वर्षी त्या खोलीत राहायला आले, एकाच गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले आणि एकाच खात्यात कायम झाले. दोघांच्या पेट्या शेजारी शेजारी होत्या म्हणे.

आम्ही मात्र गावाला. आई, आबा, आजी, मी आणि धाकटा भाऊ. वडील ही गोष्ट गणपतीला आणि शिमग्याला येते, असा माझा लहानपणी समज होता. आले की दोन दिवस मला त्यांची भीती वाटे, कारण ते ओरडून बोलत. रागावलेले नसत, पण शंभर साच्यांच्या खडखडाटात दिवसाचे आठ तास उभं राहून त्यांचे कान गेले होते. साचेखात्यात कोणी कोणाशी आवाजाने बोलत नाही, ओठांनी आणि हातांनी बोलतात. घरीही अण्णा आमच्या ओठांकडेच बघत. मी सात-आठ वर्षांची असताना मला याचा शोध लागला, की आवाज न काढता नुसते ओठ हलवले तरी अण्णांना सगळं समजतं. मग आजीच्या देखत मी त्यांच्याकडे काहीही मागू शके. "गूळ" म्हणून ओठ हलवायचे. अण्णा उठून फडताळाकडे जायचे, आणि आजीला पत्ताच नाही.

त्यांचे पुढचे दात थोडे झिजलेले होते, तेही धोट्यामुळे, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीमुळे, असं ते सांगत. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून नवा धागा तोंड लावून ओढून घ्यायचा. एका पाळीत किती वेळा, त्याला हिशेब नाही. तोंडात सूत, नाकात रुई. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागतो, म्हणून साचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता, हे मी खूप नंतर वाचलं. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्या वेळी तसं राहिलं नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "थोडं होतं." एवढंच.

गिरणी बंद पडल्यावर जे पैसे मिळाले त्यात गावच्या घराच्या कुडाच्या भिंती जाऊन चिऱ्याच्या आल्या. पुढची पाच वर्षं अण्णा एका उंच इमारतीखाली वॉचमन होते. ती इमारतही एका जुन्या गिरणीच्या जागेवरची. तिथल्या पोहण्याच्या तलावाकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "हे त्यांचं रंगखातं." पगार बरा होता, पण बसून राहावं लागे. ते त्यांना जमलं नाही. खुर्ची असून उभेच राहत.

२००५ मध्ये अण्णा आणि आई डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आले. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. अण्णा आजोबा म्हणून जितके मिळाले, तितके बाप म्हणून मला कधी मिळाले नव्हते. हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाहीये. म्हणजे, थोडी तक्रार आहे. रोज पहाटे साडेपाचला उठत, कारण सातच्या पाळीचा भोंगा त्यांच्या अंगात वाजे. नातवाचा डबा भरायचा, त्याला शाळेत सोडायचं, परत येताना भाजी, दुपारी काहीतरी दुरुस्ती. मिक्सर, छत्री, दप्तराची चेन, शेजाऱ्यांची इस्त्री. "अण्णा, जरा बसा," म्हटलं की म्हणत, "बसलो की गुडघे बोलायला लागतात."

नातवाला त्यांनी साचेवाल्याची गाठ शिकवली. ताणा तुटला की साचा थांबलेला असतो तेवढ्या वेळात दोन टोकं जोडायची असतात, आणि गाठ इतकी बारीक हवी की फणीतून अडकल्याशिवाय गेली पाहिजे. अण्णा ती डोळे मिटून बांधत. मुलाला तीन महिने लागले. पुढे सोसायटीतल्या तमाम पोरांचे तुटलेले मांजे आमच्या गॅलरीत जोडून मिळायला लागले. आजोबा आणि नातू शेजारी शेजारी बसून दिवसभर एक अक्षरही न बोलता गाठी मारत बसलेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बोलायची गरजच नव्हती. पोरगाही ओठांनी बोलायला शिकला होता.

तर, कागद.

यादी मोठी होती, पण त्यातला कुठलाही पुरावा चालणार होता. गिरणीचं ओळखपत्र, तिकिटाची प्रत, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, हजेरीपत्रक, रजेच्या रजिस्टरचा उतारा, ग्रॅच्युइटीचा आदेश, पगाराची पावती. शिवाय आम्ही वारस, म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, भावाची संमती. मुलगा म्हणाला, "आई, ॲपवर फोटो टाकायचे, झालं." चोवीस वर्षांच्या मुलाला सगळंच "झालं" असतं.

मुख्य अट एका तारखेची. कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. ही तारीख उगाच नाही. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम करून हवं होतं, आणि १९४६ च्या ज्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनशी बांधून ठेवलं होतं तो जायला हवा होता. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो विरत गेला. माणसं एकेक करून आत गेली, किंवा त्यांना आत घेतलंच नाही.

त्या वर्षाचं मला काय आठवतं? मी आठ वर्षांची होते. १९८२ च्या आषाढात लावणीला वाडीत बापे माणसं इतकी होती, की बायका हसत होत्या. एरवी नांगराला माणूस मिळायचा नाही. त्या वर्षी एका कुणग्यात चौघे. पडवीत रात्री भजनं रंगत. आम्हा पोरांना वाटे, काय मजा आहे, गणपती संपतच नाहीयेत. मग पोस्टमन यायचा थांबला. थांबला म्हणजे यायचा, पण कुठल्याच दारात मनीऑर्डर नसायची. दुकानदाराने वही मिटली. भाऊ आजारी पडला तेव्हा आईच्या कानातलं गेलं. नाचणीची भाकरी आधीही असायचीच, पण आता तिच्यासोबत काही नसायचं.

दिवाळी झाल्यावर अण्णा मुंबईला गेले. घरात सांगितलं, भिवंडीला मागावर काम मिळतंय. तसे पुष्कळ जण गेले होते. पावरलूमवर बारा बारा तास, कसलाच कायदा नाही. भिवंडीला काम केलं म्हणून संप मोडला असं कोणी म्हणत नव्हतं, पोट भरायला हवंच. पण तिथेही माणसांची रांग लागली होती, आणि कित्येक महिने काही आलं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मनीऑर्डर सुरू झाली. शाळा उघडायच्या आत मला नवं दप्तर मिळालं. निळं.

त्याच सुमाराला अण्णांचं आणि वाडीतल्या काकांचं बोलणं तुटलं. काका संपानंतर परत मुंबईला गेलेच नाहीत. शेती केली, चिरेखाणीवर मजुरी केली. आम्हाला सांगण्यात आलं होतं, की परड्यातल्या गडग्यावरून भांडण झालंय. मी ते इतकं खरं धरलं होतं, की मोठेपणी एकदा गडग्याची मोजणी करून घेऊ या असंही अण्णांना सुचवलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय सोडला.

डबा उघडला त्या रात्री आई पलंगावर, मी आणि मुलगा जमिनीवर. वर मृत्यूचा दाखला, माझ्या लग्नाची पत्रिका, नातवाच्या पहिलीच्या निकालाची झेरॉक्स. खाली गेलो तसं वय कमी होत गेलं. वॉचमनचं ओळखपत्र. गिरणीचा हिशेब मिळाला त्याचा कागद, पण त्यावरचं नाव बघून मी कपाळाला हात लावला. अण्णांच्या नावातल्या 'श'चा गिरणीने 'स' केला होता आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव. वारसाच्या कागदांवर एक माणूस आणि गिरणीच्या कागदावर दुसराच. शिवाय त्यावर नोकरीला लागल्याची तारीखच नव्हती, शिक्का अर्धा पुसलेला. मुलगा म्हणाला, याच्याबरोबर दुसरा काहीतरी आधार हवा.

मग उधारीची वही निघाली. चाळीस पानी, शाळेची. खानावळीवाल्या मावशींचं नाव पहिल्या पानावर, पुढे महिने आणि रकमा. संपाच्या काळात गिरणगावातल्या कितीतरी खानावळवाल्या बायकांनी उधारीवर माणसं जेवू घातली, स्वतःचे दागिने मोडून. मावशींचे आठ महिने बाकी होते. प्रत्येक रकमेवर पुढे बारीक रेघ मारलेली, रेघेपुढे तारीख. शेवटची रेघ १९८७ ची. चार वर्षं लागली होती. त्यानंतर वाण्याचं पान, डॉक्टरांचं पान, आत्याच्या लग्नाचं पान. सगळीकडे रेघा. अण्णांचं अक्षर वाईट होतं, पण रेघ पट्टीने मारावी तशी सरळ.

वहीखाली मनीऑर्डरींची कुपनं होती, दोऱ्याने बांधलेली. गाठ अर्थातच त्यांचीच असणार, असं मी म्हटलं. आई म्हणाली, "नाय. माझी."

कुपनावरचा मजकूर सगळीकडे एकच. "पैसे मिळताच कळवणे. मुलांना जपणे." मुलगा एकेक उजेडात धरून तारखा बघत होता. मग म्हणाला, "आई, भिवंडी कुठे आहे यात?" मनीऑर्डर ज्या पोस्टातून निघते त्याचा शिक्का कुपनावर असतो. १९८३ च्या जूनपासूनच्या सगळ्या शिक्क्यांवर परळ. एकदा नव्हे, दर महिन्याला.

आणि त्या गठ्ठ्याच्या मधोमध, चार घड्या घातलेली, एक पगाराची पावती. गिरणीचं नाव, साचेखातं, तिकीट नंबर. महिना मे, १९८३.

मी आईकडे बघितलं. ती पदराने चष्मा पुसत होती.

"त्या साली गणपतीला आलेले तवा सदऱ्याच्या खिशात होती," ती म्हणाली. "धुवायला घेतला तवा गावली. भिजवायची हुती, पन हातच हुईना. ठेवून दिली."

"तू विचारलं नाहीस त्यांना?"

"कशाला?"

"आणि आबा?"

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबांना पयल्या मनीआर्डरीलाच ठावं झालेलं. पोस्टमनाकडून पैशे घेतलानी, कुपन उलटं करून शिक्का वाचलानी. दोनदा वाचलानी. मंग माज्या हातात दिलानी नि बोलले, ठेव, फाडू नको."

आबा १९८६ मध्ये गेले. तोवर ते अण्णांना दर गणपतीत विचारत, "भिवंडीचं काम कसं काय?" आणि अण्णा सांगत, "बरं चाललंय." हे मी स्वतः ऐकलेलं आहे. किती तरी वेळा, पानात वाढलेलं असताना. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं. आता आठवलं की वाटतं, एक माणूस खोटं बोलत होता आणि दुसरा त्याला ते नीट बोलू देत होता. अण्णांना खोटं धड बोलताही येत नव्हतं, हे आणखी वेगळं. भिवंडीला जाऊन मनीऑर्डर करण्याइतकी अक्कल किंवा सवड त्यांना नव्हती. पाळी सुटली, परळच्या पोस्टात गेले, पैसे पाठवले.

मुलाने पावतीचा फोटो काढला. "हीच हवी होती आपल्याला," म्हणाला. "बरोबर बसते. १९८२ नंतर पटावर." तो खूश होता आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं. मी मात्र ती रात्रभर टाकू दिली नाही. माझा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, चाळीस वर्षं झाली. कोण विचारतंय?" खरंय, कोणी विचारत नव्हतं. ॲपमध्ये तर 'पगार पावती' एवढाच रकाना होता. सकाळी मी हो म्हटलं.

पुढचं काम नेहमीसारखं. फोटो अस्पष्ट आला म्हणून दोनदा परत. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र केलं. मग वांद्र्याला पूर्वेकडे एका सभागृहात टेबलं मांडली होती तिथे मूळ कागद घेऊन गेले. तिथली गर्दी मात्र सांगायला हवी. सगळे सत्तरीपुढचे, किंवा माझ्यासारख्या त्यांच्या मुली-सुना. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत तसलेच डबे. आणि तो हॉल असा काही गजबजला होता, की कारण कळायला मला दोन मिनिटं लागली. निम्मे लोक ओरडून बोलत होते आणि निम्मे नुसते ओठ हलवत होते. कोपऱ्यातले दोन म्हातारे, मध्ये चार रांगा, एकमेकांशी हातवारे करून मजेत गप्पा मारत होते. मी त्यांचं सगळं वाचत होते. एक सांगत होता, सुनेने चहात साखर बंद केलीय.

टेबलावरच्या मुलीने पावती हातात घेतली, तारीख बघितली, बोटाने नंबर अर्जाशी ताडला आणि "छान ठेवलीये हो," म्हणाली. काही महिन्यांनी अर्ज पात्र ठरल्याचं कळलं. घर अजून मिळालेलं नाही. कोणी शेलू म्हणतं, कोणी वांगणी. ज्यांनी मुंबईत हाडं झिजवली त्यांना कर्जतच्या वाटेवर का पाठवायचं, असं कामगार विचारतात आणि मलाही ते पटतं. पण तो वेगळा विषय आहे.

त्या दिवाळीत मी गावी गेले. दिव्याहून सकाळची सावंतवाडी गाडी, संगमेश्वरला उतरून पुढे एसटी. घर उघडलं, झाडलं आणि दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. चाळीस वर्षांत आमच्या घरातलं कोणी त्यांच्या ओटीवर बसलं नव्हतं. अण्णांच्या बाराव्याला काका मुंबईला आले होते, दारातल्या खुर्चीवर दहा मिनिटं बसले आणि पाणी न घेता गेले.

काका आता सत्याहत्तरचे. झोपाळ्यावर बसले होते. कानाला यंत्र आहे, पण लावत नाहीत. मी आवाज न काढता बोलले, "मी आलेय, अण्णांची मुलगी." त्यांनी चटकन बाजूला सरकून जागा दिली.

अर्जाचा विषय त्यांनीच काढला. त्यांचा अर्जही त्याच दीड लाखांत होता. त्यांनी आतून कागद आणून दाखवले: १९६९ चा बदलीचा पास, रजेचं पुस्तक १९७९ पर्यंतचं. त्यानंतरचं काही नाही. खोली सोडताना पेटी तिथेच राहिली, पुढे खोलीच गेली. गिरणीच्या नोंदी कुठे आहेत ते कोणी सांगत नाही. १ जानेवारी ते १७ जानेवारी १९८२, या सतरा दिवसांत ते कामावर होते याचा कागद त्यांना हवा होता. अठराव्या दिवशी ते बाहेर पडले, ते कायमचे.

"तुझ्या बापाचं झालं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"कशावर?"

मला "हिशेबाच्या कागदावर" असं सांगता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण ओठ वाचणाऱ्या माणसापुढे थांबलेलं वाक्यही दिसतं. मी सांगितलं, "पगाराच्या पावतीवर. मे त्र्याऐंशीच्या."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी डावा हात पुढे धरला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले. एक हात संपला, दुसरा घेतला.

"मे?" त्यांनी परत विचारलं.

"मे. पहिली मनीऑर्डर जूनची आहे."

"सोळा महिने काढलान म्हणजे," ते म्हणाले. "मी आपला दिवाळीचं धरून चाललेलो. दिवाळीनंतर गेला तो सरळ आतच गेला, असं." मग बराच वेळ झोपाळा हलत राहिला. "दिवाळी ते मे काय करत होता?"

मला ठाऊक नव्हतं. वहीत खानावळीचे आठ महिने होते, तेवढंच मी सांगितलं. काकांनी मान हलवली. मावशी त्यांच्याही ओळखीच्या होत्या.

मग मला एक कागद आठवला. मुलाने डब्यातला एकूणएक चिटोरा फोनमध्ये काढून ठेवला होता. आत्याच्या लग्नाच्या पानाला टाचणीने लावलेला, गिरणीतल्या पतपेढीच्या कर्जाचा कागद. तो आमच्या उपयोगाचा नव्हता म्हणून मी नीट वाचलाही नव्हता. आता शोधून काढला. तारीख ७ जानेवारी १९८२. कर्जदार अण्णा. खाली जामीन म्हणून आणखी एक सही, नाव, खातं, तिकीट नंबर.

कोणाची सही ते मला वाचावं लागलं नाही. काकांनी फोन हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. "शाई उडालेय," म्हणाले. पण सहीचा शेवटचा फटकारा त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवला.

हा कागद चालेल की नाही, मला माहीत नव्हतं. यादीत पतपेढीचा कागद नाही. तरी मी म्हटलं, देऊन बघू, मूळ कागद डोंबिवलीला आहे, मी स्वतः घेऊन जाईन. त्यासाठी नंबर नीट लागायला हवा होता, म्हणून फोटो मोठा करून मी आकडे वाचायला लागले. पहिला तीन होता की आठ, कळेना.

मी वर बघितलं तेव्हा काकांनी नंबर सांगून टाकला होता. मग खातं सांगितलं. आणि मग, मी न विचारताच, अण्णांचा नंबर.